टकटकबाईंचा डावा हात

टकटकबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारं त्या इस्पितळात आता कुणी उरलं नव्हतं. हजेरीच्या वहीत होतं ते नाव, पण वही काही हाक मारत नाही. सोळाव्या वर्षी टायपिंगच्या क्लासात बसल्या तेव्हा त्यांच्या बोटांचा जो आवाज सुरू झाला, तो सत्तावन्नावं लागलं तरी थांबला नव्हता. जेवायला बसल्या की ताटाच्या काठावर टकटक. समोरच्याचं बोलणं लांबलं की मांडीवर टकटक. सासूबाई लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "माझ्या लेकाने बायको केली का सुतारपक्षी आणला?"

क्लासाचे मास्तर मोठे खाष्ट. पोरींच्या हातांवर रुमाल टाकायचे आणि म्हणायचे, "हाताकडे बघायचं नाही. गाईला गोठा दाखवावा लागत नाही, तसं बोटांना अक्षर दाखवावं लागता कामा नये. जो हाताकडे बघून टाइप करतो तो अर्धा टायपिस्ट." बाकीच्या पोरी रुमालाखालून डोकावायच्या. बाई नाही डोकावल्या. तेव्हापासून चाळीस वर्षं त्यांनी काम करताना आपल्या हातांकडे पाहिलं म्हणून नाही.

टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आला. बाई पत्रांच्या खोलीतून उठल्या आणि रक्त तपासणीच्या खिडकीवर येऊन बसल्या. खिडकीमागे टेबल, टेबलावर कॉम्प्युटर आणि एक फिरती खुर्ची, जी फक्त डावीकडेच फिरायची. शेजारच्या पडद्याआड सुईताई रक्त काढायची. हिचंही नाव वेगळंच, पण दिवसभर लोकांना सुया टोचते म्हणून सुईताई. ती नळीत रक्त भरायची, नळीवर पट्ट्यापट्ट्यांचं लेबल डकवायची आणि नळी स्टँडमध्ये उभी करून बाईंकडे सरकवायची. बाईंनी चिठ्ठी बघून माणसाचं नाव आपल्या लिपीत टाइप करायचं, मग शेजारच्या रकान्यात नळीवरचा नंबर. आधी दोन इंग्रजी अक्षरं, के आणि एच, आणि पुढे दहा आकडे. झालं की पुढची नळी. सकाळी आठ ते साडेदहा मान वर करायला सवड नाही.

पण बाई मान वर करायच्या. बोटं खाली धावताहेत आणि तोंड खिडकीतल्या माणसाशी बोलतंय, हीच तर त्यांची मजा होती. "आजी, आज एकट्याच? सून कुठंय?" "काय हो, उपाशीपोटी यायला सांगितलं होतं, मिशीला साय कशाची लागलीय?" सुई टोचून घ्यायला आलेलं माणूस जाताना हसत जायचं. घरी नवरा फिरतीच्या कामावर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात बोलायला एकट्या सासूबाई. बाईंचा जो काही गोतावळा होता तो त्या खिडकीत होता.

आणि मग बोटं दगा द्यायला लागली. सकाळी सांधे धरायचे. चष्मा बदलला, तरी तीन आणि आठ एकमेकांचे जुळे भाऊ दिसायचे. एक दिवस दोन आकड्यांची अदलाबदल झाली आणि सत्तर वर्षांच्या एका आजोबांच्या हातात ते गरोदर असल्याचा कागद पडला. आजोबा खिडकीत आले आणि म्हणाले, "बाई, घरी कसं सांगू?" रांग हसली, बाईही हसल्या. पण पंधरा दिवसांनी दुसरी चूक झाली, तिला कुणी हसलं नाही. एका आईचा रिपोर्ट दुसऱ्याच बाईला गेला. औषध सुरू व्हायच्या आत कळलं म्हणून निभावलं. त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही.

तपासणी खात्याच्या मोठ्या मॅडम वाईट नव्हत्या. उगाच ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि म्हणूनच त्या बोलल्या की ते मनावर घ्यावंच लागायचं. त्यांनी बाईंना आत बोलावलं, बसायला सांगितलं.

"बाई, नंबर हाताने टाइप करणं आता बंद. लेबल वाचणारं यंत्र मागवलंय. ते चाललं तर तुम्ही खिडकीवर. नाही चाललं, तर एक तारखेपासून तुम्ही खाली फायलींच्या खोलीत. तिथे चूक झाली तरी कुणाच्या जिवावर बेतणार नाही."

फायलींची खोली तळघरात होती. खिडकी नाही, माणूस नाही. तीस-तीस वर्षांपूर्वी बरे होऊन गेलेल्यांचे कागद. निवृत्तीला अडीच वर्षं होती. अडीच वर्षं तिथे बसायचं म्हणजे आधीच फाइल होऊन फळीवर चढायचं.

बाई बाहेर आल्या तेव्हा सुईताईने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"एक यंत्र येतंय. त्याच्यावर माझी खुर्ची आहे."

"म्हणजे ते यंत्र तुमची खुर्ची घेणार?"

"नाही गं. ते चाललं तरच माझी खुर्ची राहणार. लोकांच्या खुर्च्या यंत्रं काढून घेतात, माझी यंत्राने टिकवायचीय. बघ माझं नशीब कसं उलट्या पायाचं."

बुधवारी यंत्र आलं. बरोबर टाय लावलेला एक माणूस. यंत्र हातात धरायचं, हेअर ड्रायरएवढं. खटका दाबला की पुढून लाल रेघ पडते, रेघ लेबलाच्या पट्ट्यांवर धरली की 'टीट' वाजतं. सुईताईने लगेच बारसं केलं: बंदूक. टायवाल्याने ती आधी स्वतःच्या लॅपटॉपला लावून दाखवली. टीट, आणि पडद्यावर के, एच आणि दहाच्या दहा आकडे. मग त्याने तिची वायर बाईंच्या कॉम्प्युटरला कीबोर्डच्या शेजारी खोचली आणि नळीवर धरली. टीट.

पडद्यावर उमटलं 'खफ', आणि पुढे आकडे.

"खफ?" सुईताई म्हणाली. "ही खफा झाली की काय?"

टायवाल्याने वायर काढली, घातली. खफ. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. बाईंनी नाव टाइप केलं, त्याने बंदूक चालवली. खफ. दुसरी नळी घेतली, तर तिचा नंबर पहिल्याच्या शेपटाला जाऊन चिकटला, खफ आकडे खफ आकडे, मालगाडीच्या डब्यांसारखे. टायवाल्याने कपाळाचा घाम टायने पुसला.

"यंत्र उत्तम आहे," तो म्हणाला. "तुमचा कॉम्प्युटर जुना आहे. याचं त्याच्याशी जमत नाही. कॉम्प्युटर बदला."

नाचता येईना अंगण वाकडं. नवा कॉम्प्युटर पुढच्या वर्षाशिवाय मिळणार नव्हता. "मग शुक्रवारी दुपारी येऊन हे घेऊन जा," मॅडम म्हणाल्या आणि टायवाला खोकं ठेवून निघून गेला.

मॅडमनी बाईंच्याच खुर्चीवर बसून वरच्या कचेरीला पत्र टाइप करायला घेतलं. 'महोदय, सदर यंत्र आमच्या कॉम्प्युटरवर' इथपर्यंत आल्या आणि बंदूक बाजूला ठेवायला उचलली. बोट खटक्यावर पडलं, समोर नळ्यांचं स्टँड होतंच. टीट. 'महोदय, सदर यंत्र आमच्या कॉम्प्युटरवर खफ' आणि पुढे दहा आकडे.

सुईताई पदरात तोंड खुपसून हसली. मॅडम काही हसल्या नाहीत. पण बाई पडद्याकडे बघतच राहिल्या. अक्षरं तसबिरीसारखी एकदम टांगली गेली नव्हती. एकामागून एक उमटली होती, टकटकटकटक. फार भराभर, पण एकामागून एक.

"मॅडम," बाई म्हणाल्या, "हा टायपिस्ट आहे."

"कोण?"

"ही बंदूक. टायवाला हिला कॅमेरा असल्यासारखं हिंडवत होता. ही फोटो काढत नाही, टाइप करते. पट्ट्या वाचते आणि पडद्यावर जिथे ती उभी रेघ लुकलुकत असेल तिथे बटणं दाबावीत तसं दाबून मोकळी होते. रकाना कुठला, पत्र कुठलं, हिला कळत नाही. तुम्ही पत्रात होतात, तिने पत्रात टाइप केलं. हिला डोळे आहेत, बोटं आहेत, अक्कल तेवढी नाही."

"मग के-एच सोडून खफ का टाइप करते?"

"ते नाही कळलं अजून. पण टायपिस्ट चुकला तर त्याला खोक्यात घालून परत पाठवत नाहीत, समोर बसवून विचारतात. मला शुक्रवारपर्यंत द्या."

मॅडमनी पत्र अर्धंच ठेवलं. "शुक्रवारी सकाळची सगळी गर्दी हिच्यावर काढून दाखवा. एकेक नंबर मी स्वतः आत ताडून बघणार. एकही चूक चालणार नाही. एकही."

संध्याकाळी बाई घरी आल्या त्या यंत्राची पुस्तिका पिशवीत घालूनच. पुस्तिकेत बारीक इंग्रजी अक्षरं आणि पानोपानी पट्ट्याच पट्ट्या. भिंग धरून वाचलं, तरी खफचं काही मिळेना. हाताने टाइप करताना बाईंनी कधी खफ टाइप केलं नव्हतं. तोच कॉम्प्युटर, तीच बटणं. मग बंदुकीचंच का बिनसावं?

सासूबाई फोनवर होत्या. पलीकडे नणंद. सासूबाईंचं वय ब्याऐंशी, कानांनी अर्धी रजा घेतलेली, पण जीभ हजर.

"अगं, सांगितलं ना! कांदा परत, भाजी घाल, झाकण ठेव. ... नाही, आणखी काही नाही घालत मी! ... आता तुझी बेचव होते त्याला मी काय करू? बरं, ठेव."

फोन ठेवला आणि चुलीवरच्या भाजीचं झाकण काढून त्यांनी कसलीशी चिमूट टाकली, चुलीच्या कडेच्या डबीतून, आणि डबी बंद केली.

"आई, हे काय घातलंत?"

"कुठे काय?"

"आत्ता. डबीतून."

"मी? मी नाही काही घातलं."

"अहो, घातलंत! मी बघितलं की. साखर घातलीत."

सासूबाईंनी स्वतःच्या हाताकडे असं पाहिलं जसं शेजाऱ्याचं पोर घरात सापडावं. बोटांना साखरेचे कण होते. मग खो खो हसल्या. "मेल्या हाता! तरीच. चाळीस वर्षं लेक माझ्यासारखी भाजी करायला बघतेय. मी तिला सांगते तोंडाने आणि करतो हात. तोंडाला बिचाऱ्याला ठाऊकच नाही."

बाईंची टकटक थांबली. पुस्तिकेच्या काठावर बोटं तशीच राहिली.

गुरुवारी गर्दी ओसरली तशी त्यांनी सुईताईला पडद्याआडून ओढून आणलं. "इथे उभी राहा. मी नेहमीसारखं टाइप करते. माझ्या हातांकडे बघ."

"तुम्हीच का नाही बघत?"

"मगाशी बघून झालं. मी बघायला लागले की हात लाजतो, अडखळतो. मास्तरांचा शाप आहे. तू बघ."

"बघते. मी दिवसभर लोकांचे हातच बघते, शीर शोधायला. माझ्या नजरेतून हात सुटत नाही."

बाईंनी नजर वर खिडकीकडे लावली आणि एक नाव टाइप केलं, मग नंबर.

"डावा हात काय करतो?" सुईताई म्हणाली.

"टाइप करतो, आणखी काय?"

"नाही, नाव संपल्यावर. अंगठा आणि करंगळी, खाली कोपऱ्यातली दोन बटणं. एकदम. चोरासारखी."

"काहीतरीच! मी नाही दाबत काही."

"परत करा."

बाईंनी परत केलं. सुईताईने झडप घालून त्यांचं मनगटच धरलं, रंगेहाथ. "हे काय मग? नंबर झाल्यावरही तेच. दोनदा दाबलीत!"

बाईंनी मान खाली घातली. त्यांचा डावा अंगठा आणि करंगळी दोन बटणांवर होती. आणि मग त्यांना आठवलं. कॉम्प्युटर आला त्या वर्षी कुणीतरी शिकवलं होतं: ही दोन बटणं एकदम दाबली की लिपी बदलते. नाव आपल्या लिपीत, नंबर इंग्रजीत, परत नाव आपल्या लिपीत. डोकं ते केव्हाच विसरलं होतं. हात विसरला नव्हता. एका सकाळी शंभर वेळा हात गुपचूप लिपी बदलून ठेवायचा, परत जागेवर आणायचा आणि मालकिणीला पत्ता नाही. पुढे नंबर टाइप करायचा नसला की हातही स्वस्थ बसायचा, म्हणून बंदुकीच्या हाती कॉम्प्युटर यायचा तो नाव टाइप करून संपलेला, आपल्या लिपीतच. बिचारी के-एचच दाबत होती. के-एचच्या बटणांवर आपल्या लिपीत खफ असतं, त्याला ती काय करणार!

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," बाई म्हणाल्या. "कळसा काखेतही नाही गं, बोटांत होता."

त्यांनी नाव टाइप केलं, डाव्या हाताने दोन बटणं दाबली आणि उजव्या हाताने बंदुकीचा खटका ओढला. टीट. के. एच. दहा आकडे. स्वच्छ.

सुईताईने टाळी वाजवली. पण मालगाडी बाकी होती. पुढच्या नळीचा नंबर अजूनही आधीच्यालाच चिकटत होता. ते कोडं बाईंना कोडं वाटलंच नाही. टाइपरायटरवर ओळ संपली की दांडी ओढून गाडी पुढच्या ओळीवर आणावी लागते. नाही ओढली तर अक्षरावर अक्षर. कॉम्प्युटरवर त्या दांडीच्या जागी एंटरचं बटण आलं. या नव्या टायपिस्टला एंटर दाबायला कुणी सांगितलेलंच नव्हतं. आणि सांगायचं कसं, ते पुस्तिकेत होतं: पानोपानी ज्या पट्ट्या होत्या ते हुकूम होते. हव्या त्या हुकुमावर बंदूक धरायची, की ती शिकते.

बाईंनी भिंग धरून एक हुकूम शोधला आणि बंदूक चालवली. बंदूक मुकी झाली. रेघ पडते, नंबर उमटतो, टीट मात्र नाही. आवाज बंद करायचा हुकूम लागला होता, शेजारचा.

"मारलंत बिचारीला," सुईताई म्हणाली.

"मेली नाही, रुसलीय." बाईंनी दुसऱ्या पट्टीवर धरून आवाज परत आणला. मग बाकीच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी कागदाने झाकल्या, एकच उघडी ठेवली, आणि खटका ओढला. पुढच्या नळीला टीट वाजलं, नंबर बसला, आणि ती उभी रेघ टुणकन उडी मारून खालच्या ओळीत, नावाच्या रकान्यात जाऊन लुकलुकायला लागली. चाळीस वर्षांत टाइपरायटरच्या गाडीने कधी आपणहून ओळ बदलली नव्हती.

शुक्रवारी आठला खिडकी उघडली तेव्हा रांग दारापर्यंत होती. मॅडम आतल्या टेबलावर कागद-पेन घेऊन बसल्या. बाईंनी पदर खोचला, खुर्ची डावीकडून फिरवून जागेवर आणली.

पहिली नळी. नाव, डावा हात, टीट, डावा हात. दुसरी नळी. नाव, डावा हात, टीट, डावा हात. पाचव्या नळीला बाई स्वतःच्याच हाताकडे बघायला गेल्या आणि हात अडखळला. खफ. त्यांनी ते पुसलं, मान वर केली आणि खिडकीतल्या माणसाकडे पाहिलं. समोर तेच सत्तर वर्षांचे आजोबा.

"आज काय निघणार, बाई? जुळं?"

"आज निघालं तर यंत्राचं, माझं नाही," बाई म्हणाल्या. रांग हसली, आणि त्या हशात हात मोकळा झाला. पुन्हा वाटेला लागला. नाव, डावा हात, टीट, डावा हात. तीन आणि आठ जुळे असोत की सख्खे वैरी, आता बाईंना बघायचेच नव्हते. सांधे आखडलेले होते, पण खटक्याला बोट एकच लागतं. दहा वाजायच्या सुमाराला बाई बोलत होत्या एका लेकुरवाळीशी, हसत होत्या तिच्या लेकाला, आणि खाली दोन हात आणि एक बंदूक अशी जुंपली होती की सुईताईला रक्त काढायला हात अपुरा पडला. जन्मात पहिल्यांदा ती मागे पडली. "बाई, दमाने! माणसांत रक्त तरी भरू द्या!"

साडेदहाला रांग संपली. मॅडम बाहेर आल्या. चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता, तो त्यांचा नेहमीचाच होता.

"एकशे सव्वीस नळ्या," त्या म्हणाल्या. "प्रत्येक ताडून पाहिली. शेवटच्या वीस तर दोनदा, कारण मला खरंच वाटेना." मग कागद टेबलावर ठेवला. "एकही चूक नाही. बाई, खुर्ची तुमची. ही डावीकडेच फिरते ना? उजवीकडे फिरणारी मागवते."

"नको मॅडम," बाई म्हणाल्या. "डावीकडे बरंय. सगळं डाव्यानेच केलंय."

सुईताईने बाईंना मिठी मारली, सुईचा ट्रे हातात असताना. बाई ओरडल्या, "ठेव तो ट्रे आधी!"

दुपारी टायवाला खोकं न्यायला आला. बाईंनी त्याच्यासमोर तीन नळ्या धडाधड मारून दाखवल्या.

"कॉम्प्युटर बदललात?"

"नाही."

"मग काय केलंत?"

"बसा," बाई म्हणाल्या, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या मास्तरांसारखा आवाज काढला. "पण माझ्या तोंडाकडे बघू नका. हाताकडे बघा."

त्याने तीनदा बघितलं तेव्हा त्याला दिसलं. मग खिशातून वही काढून लिहून घेतलं, अगदी करंगळीसकट, कारण अशीच दोन यंत्रं दुसरीकडून परत आली होती आणि दोन्हीकडे त्याने कॉम्प्युटर बदला म्हणूनच सांगितलं होतं. खोकं त्याने नेलं नाही. त्यात सुईताई कापूस ठेवते आता. आणि सोमवारपासून इस्पितळातल्या आणखी दोन खिडक्यांवर बंदुका आल्या, तिथल्यांना शिकवायला मॅडमनी टकटकबाईंना पाठवलं, दुपारच्या वेळात. सकाळी नाही. सकाळी बाई त्यांच्या खिडकीत.

त्या शुक्रवारी घरी येऊन बाईंनी सासूबाईंना सगळं सांगितलं, दोनदा, कानात. सासूबाईंना बंदुकीचं काही कळलं नाही, पण डाव्या हाताचं बरोबर कळलं. त्यांनी फोन उचलला आणि लेकीला लावला.

"अगं, रविवारी ये. नाही, काही झालं नाही. कागद-पेन नको आणूस. चुलीपाशी बस आणि मी भाजी करते तेव्हा गप्प राहून माझे हात बघ." आणि मग सुनेकडे बघत, जरा मोठ्याने, "आमच्या सुतारपक्ष्याने शोध लावलाय."